पाटी बदलली, पाठाचे काय?

भोपाळ गोमंतकापासून दूर आहे आणि तेथील शाळांत काय चालले आहे याची विचारपूस आमच्याकडे सहसा कोणी करीत नाही. परंतु या दोन ठिकाणांमध्ये एक असा धागा आहे, जो शिक्षकमंडळींखेरीज फारसा कोणास ठाऊक नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६० नंतरच्या काही वर्षांत अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ अशा चार ठिकाणी शिक्षक घडविणाऱ्या प्रादेशिक संस्था काढल्या. भोपाळच्या श्यामला टेकडीवर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रदेश, छत्तीसगड, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्याबरोबर गोवाही येतो. अध्यापनाची नवी साधने, नवे अभ्यासक्रम आणि नव्या पद्धती आमच्या शिक्षकांपर्यंत ज्या वाटांनी पोहोचतात, त्यांतील एक वाट या टेकडीवरून येते. वर्गात मोबाइल आणि टॅबलेट यांना कोणते स्थान द्यावयाचे हा प्रश्न आज प्रत्येक राज्यापुढे उभा असताना, मध्यप्रदेशाच्या राजधानीत या प्रश्नाची कशी हाताळणी झाली हे पाहणे म्हणूनच परक्याच्या घरात डोकावणे ठरू नये.

त्या टेकडीपासून फार अंतरावर नसलेल्या तात्या टोपे नगरात जवाहर चौक आहे. नगराचे नाव येवल्याच्या मातीतून उठलेल्या सेनानीचे. चौकाचे नाव देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचे. १९५६ साली भोपाळ नव्या राज्याची राजधानी झाले, तेव्हा सरकारी नोकरांना राहावयास घरे हवी होती. ती गरज भागविणाऱ्या वसाहतींपैकी ही एक. अलीकडच्या काळात येथील जुनी सरकारी निवासस्थाने पाडून 'स्मार्ट सिटी' उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. रस्ते रुंद झाले, आणि 'स्मार्ट' हे विशेषण रस्त्याला, दिव्याच्या खांबाला आणि पाठोपाठ शाळेच्या वर्गालाही येऊन चिकटले. रस्ता रुंद केल्याने वाहनांची कोंडी निदान काही काळ तरी सुटते. भिंतीवर पडदा टांगल्याने आणि मुलांच्या हाती काचेची पाटी दिल्याने वर्गातील कोंडी सुटते काय? जवाहर चौकातून जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या दप्तरांत आज ना उद्या हे यंत्र असणारच, याविषयी आम्हास शंका नाही. ते यंत्र त्यांच्यापर्यंत कोणत्या नात्याने पोहोचणार, एवढीच शंका आहे.

मध्यप्रदेश सरकारने गेली अनेक वर्षे एक योजना चालविली आहे. बारावीच्या परीक्षेत पंचाहत्तर टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास लॅपटॉप विकत घेण्यासाठी पंचवीस हजार रुपये देण्यात येतात. २०२५ च्या जुलै महिन्यात भोपाळ येथे समारंभपूर्वक ९४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली; म्हणजे सरकारी तिजोरीतून सुमारे २३५ कोटी रुपये बाहेर पडले. ज्या घरात यापूर्वी कधी संगणक आला नाही, त्या घरातील मुलामुलींच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हे, आणि त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतूही नाही. तरीदेखील या योजनेची बांधणी जरा निरखून पाहावी. शाळेची बारा वर्षे संपल्यावर, परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्यावर, आणि तेही ज्यांना अभ्यास जमला त्यांनाच, अभ्यासाचे साधन देण्यात येते. जो मुलगा सहावीत अपूर्णांकांशी झगडत होता, जी मुलगी आठवीत विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्ये न समजता पाठ करीत होती, त्यांच्या वाट्यास त्या झगड्याच्या काळात हे यंत्र आले नाही. आणि झगडा हरल्यावर तर ते मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. येथे यंत्र बक्षीस म्हणून येते. त्यास शिकण्याचे साधन म्हणावयाचे, तर ज्यास शिकणे कठीण जाते त्याच्या हाती ते आधी पडावयास हवे.

बक्षिसाची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू छडीची आहे. २०२५ च्या जुलैपासून त्याच राज्यात 'हमारे शिक्षक' या ॲपवर, शाळेच्या आवारात उभे राहून, आपली हजेरी नोंदविण्याचे बंधन सरकारी शिक्षकांवर आले. शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. शिक्षकाने वेळेवर शाळेत यावे यात वाद घालण्यासारखे काही नाही. गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाची बाजू घेण्याचे पाप आमच्या लेखणीने करू नये. परंतु शासकीय परिपत्रके ज्यास भ्रमणध्वनी म्हणतात आणि बाकीचे सारे जग ज्यास मोबाइल म्हणते, ते यंत्र शिक्षकाच्या आयुष्यात प्रथम पहारेकरी म्हणून उभे राहिले, तर तेच यंत्र दुसऱ्या तासाला सहकारी म्हणून त्याने वर्गात न्यावे ही अपेक्षा कितपत रास्त आहे? आमच्या शेजारच्या महाराष्ट्रातही शिक्षकांची ओरड याहून निराळी नाही. माहिती भरा, छायाचित्र पाठवा, दुवा उघडा, पोच द्या, या धबडग्यात फोन हातात असतो आणि फळा मोकळा राहतो. नाही म्हणावयास, मध्यप्रदेशाने प्राथमिक शिक्षकांना स्वतः टॅबलेट खरेदी करण्यास सांगून दहा हजार रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा जो निर्णय केला, त्यात एक शहाणपण होते. ज्यास यंत्र वापरावयाचे त्यानेच ते निवडले. एरव्ही निविदा निघते, ठेकेदार येतो, खोकी उतरतात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात राहते, हा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

आता याच राज्यातील एका जुन्या उपक्रमाकडे वळणे आम्हास अगत्याचे वाटते. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरममधील, सोळा माध्यमिक शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी विज्ञान शिकविण्याची एक निराळी रीत सुरू केली. सरकारने परवानगी दिली होती, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक पाठीशी उभे राहिले होते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सर्व जिल्ह्यात पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने भोपाळहून त्याची धुरा वाहिली, आणि कालांतराने एक हजारांहून अधिक शाळा त्याखाली आल्या.

त्या शाळांत यंत्र नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. यंत्र होते, मात्र ते चार आण्यांचे होते. भिंग, परीक्षानळ्या, चुंबक, तारेचे वेटोळे, आगपेटीच्या काड्या, सायकलीच्या ट्यूबमधील व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या असे त्याचे सामान. मुले चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करीत, आपल्या वहीत निरीक्षण लिहीत, दोन टोळ्यांची उत्तरे जुळली नाहीत तर वाद घालीत. पुस्तकात प्रयोगाचे उत्तर छापलेले नसे. परीक्षेस पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा असे. कारण स्मरणशक्तीची परीक्षा घ्यावयाचीच नव्हती. या साऱ्याचे मर्म मात्र साहित्याच्या पेटीत शोधू नये. मर्म शिक्षकांच्या तयारीत होते. प्रत्येक इयत्तेसाठी उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण होई, आणि त्यात शिक्षकास तेच प्रयोग स्वतःच्या हाताने करावे लागत. वर्ष सुरू झाल्यावर दर महिन्याला शिक्षकांची बैठक भरे. कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नाने वर्ग अडला, हे तेथे मोकळेपणाने बोलले जाई. फुटलेल्या नळीच्या जागी नवी नळी येण्याची व्यवस्था करावी लागे. साहित्य, प्रशिक्षण, मासिक बैठक, परीक्षा आणि तुटफूट भरून काढण्याची तजवीज, हे पाच दोर एकत्र वळले गेले म्हणून तो दोरखंड तीस वर्षे टिकला.

या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामास विचारावा, आणि सवालीरामाने त्यास उत्तर धाडावे. उत्तरे अर्थातच पडद्यामागील शिक्षक व वैज्ञानिक लिहीत. एका पोस्टकार्डाचे उत्तर येण्यास दिवस लागत, आणि त्या दिवसांत मूल स्वतःही विचार करीत असे. आज खिशातल्या यंत्रास तोंडी प्रश्न विचारला तर श्वास घेण्याच्या आत उत्तर हजर होते. कृत्रिम बुद्धीच्या कृपेने आता ते मराठीतही होते. उत्तराचे दारिद्र्य संपले, यात आनंदच आहे. परंतु खेड्यातील मुलाने आपला प्रश्न आपल्या शब्दांत मांडावा, आणि कोणा जाणत्याने तो प्रश्न विचारण्याजोगा आहे असे त्यास कळवावे, यात जे शिक्षण होते ते केवळ उत्तरात नव्हते. नवे यंत्र सवालीराम होऊ शकेल काय? आमच्या मते होऊ शकेल. मात्र प्रश्न मुलाचा असेल आणि उत्तरावर पुन्हा शंका घेण्याची सवय वर्गात लागलेली असेल तरच. एरव्ही ते गाइडाची चकचकीत आवृत्ती ठरेल, आणि गाइडांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

२००२ साली मध्यप्रदेश सरकारने होशंगाबादचा हा कार्यक्रम बंद केला. योगायोग असा की, त्याच सुमारास त्याच राज्यात शाळासमूहांच्या केंद्रांवर संगणक बसविण्याची 'हेडस्टार्ट' योजना चालू होती. एका हाताने संगणक येत होता आणि दुसऱ्या हाताने प्रयोगाची पेटी कपाटात परत जात होती. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडण्याचा अतिरेक आम्ही करीत नाही. परंतु ज्या तीन हजार शिक्षकांना म्हणा की तीनशे शिक्षकांना म्हणा, प्रश्न विचारणारा वर्ग सांभाळण्याची सवय झाली होती, ते या नव्या यंत्राचे सर्वांत योग्य चालक ठरले असते, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

वर्गातील यंत्रासंबंधीचा उत्साह आपल्या देशास नवा नाही, हेही येथे ध्यानी घ्यावे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या सहा राज्यांत मध्यप्रदेश होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत, संध्याकाळी मोठ्यांसाठी. प्रयोगाची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यश पाल, हे टाटा संस्थेतून होशंगाबादच्या कामास बळ देणाऱ्यांपैकीही एक होते. आकाशातील उपग्रह आणि सायकलीच्या व्हॉल्व्हची नळी या दोहोंत त्या माणसास विरोध दिसला नाही. त्या वर्षातील ज्या भागाचा आम्हास विशेष उल्लेख करावासा वाटतो तो असा की, उपग्रहाचा उपयोग हजारो प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान-प्रशिक्षणासाठीही करण्यात आला, आणि त्यास आकाशवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष प्रयोग यांची जोड दिली गेली. मुदत संपताच उपग्रह अमेरिकेने परत हलविला. शिक्षकाने हाताने केलेला प्रयोग मात्र कोणास परत नेता आला नाही. पुढे १९९३ साली याच यश पाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला आणि समजण्याविना शिकण्याचे ओझे हे खरे ओझे असल्याचे बजावले. काचेच्या पाटीने दप्तर हलके होईल. हे दुसरे ओझे हलके होईलच असे नाही.

आमच्या गोव्याने या बाबतीत इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले होते. मनोहर पर्रीकर यांच्या पहिल्या कारकिर्दीत 'सायबरएज' योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. २०१२ साली ते पुन्हा सत्तेवर आल्यानंतर पाचवी-सहावीच्या मुलांना टॅबलेट देण्यात आले. २०२१ पासून सरकारी व अनुदानित शाळांत संगणकाची भाषा आणि रोबोटिक्स शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती मधल्या जागेविषयी. पाचवीतल्या मुलास टॅबलेट मिळाला, त्याच वेळी त्याच्या गणिताच्या शिक्षकास त्या टॅबलेटचे काय करावयाचे हे किती तास शिकविण्यात आले? तो बिघडला तर तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय होती काय? त्यावरील धडा मुलाच्या माध्यमाच्या भाषेत होता काय? मराठी आणि कोकणी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांची पटसंख्या घसरत गेली. कित्येक शाळा एका शिक्षकावर उभ्या आहेत. चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या त्या शिक्षकास यंत्राची गरज सर्वाधिक. दुसरीची मुले पडद्यावरील गोष्ट ऐकत असताना चौथीचा भागाकार त्यास निवांतपणे घेता येईल. आणि नेमक्या याच शिक्षकास प्रशिक्षणास पाठविता येत नाही, कारण तो गेला तर शाळेस कुलूप लागते!

२०२० आणि २०२१ या महासाथीच्या वर्षांत या साऱ्याची परीक्षा झाली. सांगे, सत्तरी, काणकोण येथील डोंगरवाड्यांतली मुले रेंजसाठी टेकड्या चढत होती; पावसात छत्री धरून फोनवर वर्ग ऐकत होती. मध्यप्रदेशाने व्हॉट्सॲपवरून धडे धाडले, आकाशवाणीवरून पाठ दिले आणि 'हमारा घर, हमारा विद्यालय' अशी घोषणा केली. महाराष्ट्राने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हटले. घोषणा कोणत्याही भाषेत द्या, जेथे घरातला एकमेव फोन बापाबरोबर कामावर जात होता तेथे शिक्षण रात्रीचे दोन तास सुरू होते आणि उरलेले बावीस तास बंद. आमच्याकडे मनोऱ्यांची उणीव होती आणि मनोऱ्यांना विरोधही होता, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील.

मग यंत्र वर्गात निरुपयोगी ठरले काय? तसे म्हणणे वस्तुस्थितीस सोडून होईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत चिकटविले. मुलाने फोन त्यावर धरला की धड्यास जोडलेला आवाज वा चित्र उघडे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना पुढे सर्वत्र आली. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांस वाटून दिली. या कथेतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. फोन पालकांच्या घरचेच होते, आणि कल्पना शिक्षकाची होती. मंत्रालयाने ती नंतर उचलली. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यावर २००७ साली याच्या उलट दिशेने प्रयोग झाला. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या अमेरिकेत जन्मलेल्या कल्पनेची भारतातील पहिली चाचणी त्या एकशिक्षकी शाळेत, वीसेक मुलांवर झाली. मुले आनंदली, वाड्याचे नाव जगभर झाले. पण कल्पना देशात रुजली नाही. पेरू देशाने हेच लॅपटॉप लाखोंनी वाटले, आणि गणितात वा भाषेत मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे तेथील पाहणीत आढळले नाही. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाची जी कसून तपासणी झाली, तीत साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची प्रगती लक्षणीय असल्याचे दिसले. कारण सोपे आहे. सातवीत बसलेले मूल प्रत्यक्षात चौथीच्या गणितावर अडले आहे हे त्या कार्यक्रमास ओळखता येत होते, आणि तो त्यास चौथीचेच गणित देत होता. चाळीस मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत, शिक्षकास हे जमत नाही. यंत्राचे खरे मोल येथे आहे. पेरूत यंत्र वाटले गेले. दिल्लीत मुलाची पातळी शोधली गेली.

आमच्यासारख्याच समुद्रकाठच्या केरळचे उदाहरण तर आम्हास अधिक जवळचे. तेथे २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा कार्यक्रम सुरू झाला. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकविले, परवान्याचे पैसे मागणार नाही अशी मुक्त संगणकप्रणाली वापरली, आणि पंचेचाळीस हजार वर्गखोल्यांत पडदे व प्रक्षेपक बसविण्याचे काम झाले ते २०१८ साली आणि नंतर, म्हणजे शिक्षक तयार होऊन सतराएक वर्षे लोटल्यावर. आपल्याकडे हा क्रम उलटा असतो. प्रथम पडदा, मग उद्घाटन, आणि मग पडदा चालविणाऱ्याचा शोध.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीचे आकडे या संदर्भात वाचण्याजोगे आहेत. ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांत स्मार्टफोन चालविता येणारी मुले २०२४ साली ८२ टक्क्यांहून अधिक निघाली. त्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असे सांगणारी ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. त्याआधीच्या वर्षी चौदा ते अठरा वयोगटाची जी पाहणी झाली, तीत चौघांतील एकास दुसरीच्या पुस्तकातील उतारा अस्खलित वाचता आला नाही, आणि साधा भागाकार निम्म्याहून अधिक मुलांना जमला नाही. म्हणजे बोट काचेवर फिरते, पण ओळीवर अडखळते. त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांत स्वतःचा फोन असणारे सुमारे ४४ टक्के, तर मुलींत २० टक्के. वर्गात 'आपापल्या फोनवर धडा उघडा' असे शिक्षक म्हणतो तेव्हा तो नकळत कोणाशी बोलत असतो, हे या आकड्यांवरून उमजावे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे वसतिगृहातील एका विद्यार्थिनीचे प्रकरण आले होते. ठरावीक वेळेत फोन जमा करण्याचा नियम तिने मानला नाही म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले होते. इंटरनेटपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने तेव्हा म्हटले. मुलीच्या हातातील फोन म्हणजे बिघाड आणि मुलाच्या हातातील फोन म्हणजे प्रगती, अशी ज्या घरांची समजूत आहे त्यांनी तो निकाल जरूर वाचावा. म्हणूनच यंत्र शाळेचे असावे, घरचे नव्हे, असे आम्ही मानतो. शाळेच्या कपाटातले यंत्र मुलीच्या वाट्यास मुलाइतकेच येते.

फोनमुळे मुले बिघडतात, तेव्हा तो शाळेच्या फाटकाबाहेरच राहू द्या, असे म्हणणारा पालकवर्ग मोठा आहे आणि त्यास हसण्याचे कारण नाही. फ्रान्सने २०१८ साली, ब्राझीलने २०२५ साली शाळेत विद्यार्थ्यांच्या फोनवर कायद्याने बंधने घातली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व फोन बंद ठेवून मुले अभ्यासास बसतात. आम्हास त्या गावाचे कौतुक वाटते. शासनाचा कसलाही आदेश नसताना ग्रामस्थांनी हे ठरविले. मात्र मुलाच्या खिशातील स्वतःचा फोन आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली चौघांत मिळून वापरावयाचा शाळेचा टॅबलेट या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्यावर बंदी घालावी; दुसऱ्याची सवय लावावी. चौघांत एक, हे प्रमाण आम्ही काटकसरीपोटी सुचवीत नाही. होशंगाबादच्या टोळ्यांप्रमाणे चार डोकी एका पडद्यावर वाकली की बोलणे सुरू होते. एकास एक दिला की सारे गप्प होतात.

गोवा सरकारच्या शिक्षण खात्याकडे आमचे मागणे मोठे नाही. पुढच्या खरेदीची निविदा काढण्यापूर्वी गेल्या खरेदीतील किती यंत्रे आज चालू आहेत याची शाळावार मोजणी जाहीर व्हावी. यंत्रावर जेवढा रुपया खर्च होईल, त्यातील ठरावीक हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी आधीच बाजूला काढावा. एकशिक्षकी शाळेतील शिक्षक प्रशिक्षणास जाईल त्या दिवसांत त्याच्या जागी बदली शिक्षक द्यावा. ही एक गोष्ट केली तरी अर्धे काम होईल. शिक्षकांच्या मासिक बैठकीत परिपत्रके वाचण्याऐवजी एक फसलेला तास समोर ठेवावा. आणि यापुढे गोव्याहून भोपाळच्या संस्थेत जी तुकडी प्रशिक्षणास जाईल, तिचा एक दिवस 'एकलव्य'कडे राखून ठेवावा. तेथून 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांच्या प्रती आणि त्या जुन्या पेटीतील साहित्याची यादी आणावी. त्यातील कोणता प्रयोग फोनच्या कॅमेऱ्याने अधिक चांगला होतो, कोणता फोनच्या घड्याळाने मोजता येतो आणि कोणत्या प्रयोगात फोन पिशवीतच ठेवलेला बरा, हे आमच्या शिक्षकांनी डिचोली-पेडण्याच्या वर्गांत करून पाहावे, आणि वर्षअखेर त्या यादीसमोर आपले शेरे लिहून ती भोपाळला परत पाठवावी.